रुग्णालयातील दूरध्वनीचालक

रुग्णालयातील दूरध्वनीचालक : रुग्णालयाच्या मुख्य क्रमांकावर येणारे फोन घेणारा, ते योग्य वॉर्डाला, विभागाला किंवा डॉक्टरला जोडून देणारा आणि आणीबाणीत हवी ती माणसे हव्या त्या जागी बोलावणारा कर्मचारी. सरकारी आस्थापनेवर पदाचे नाव दूरध्वनीचालक असले, तरी रुग्णालयात सगळे त्याला ‘ऑपरेटर’च म्हणतात, आणि कामावर असणे म्हणजे ‘बोर्डावर’, फोन जोडून देण्याच्या स्विचबोर्डावर, ‘बसणे’. कचेऱ्यांतला बोर्ड संध्याकाळी बंद होतो; रुग्णालयातला तीन पाळ्यांत अखंड चालतो. प्रशासनाची बाकी दारे रात्री बंद असतात, त्यामुळे लिफ्ट अडकल्यापासून शवागाराची किल्ली कोणाकडे आहे इथपर्यंतचे प्रश्नही त्याच्याकडेच येतात.

इतिहास : दूरध्वनी आणि वैद्यक यांचा संबंध पहिल्यापासूनचा आहे. ग्रॅहॅम बेल यांना पेटंट मिळाले मार्च १८७६ मध्ये. त्यानंतर दोन वर्षेही झाली नव्हती, तेव्हा जानेवारी १८७८ मध्ये अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यात टॅरिफव्हिल येथे पूल खचून आगगाडी नदीत कोसळली. हार्टफर्ड शहरातील एका औषधाच्या दुकानातून तिथल्या डॉक्टरांकडे टेलिफोनच्या तारा गेलेल्या होत्या. त्यांवरून बोलावणे गेले आणि डॉक्टर अपघाताच्या जागी रवाना झाले. त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्याच राज्यात, न्यू हेवन येथे, २१ ग्राहकांचे पहिले व्यापारी एक्स्चेंज, म्हणजे ग्राहकांच्या तारा एकमेकींना जोडून देणारे केंद्र, सुरू झाले.

बोर्डावर आधी तारऑफिसातली पोरे बसवली गेली. ती ग्राहकांशी उर्मटपणे बोलत, थट्टा करत. १ सप्टेंबर १८७८ रोजी बॉस्टनमध्ये एमा नट ही पहिली स्त्री ऑपरेटर कामाला लागली आणि पुढे हा पेशा बव्हंशी स्त्रियांचा झाला. तेव्हा ग्राहकाला क्रमांक नसे. ‘अमक्यांच्या घरी जोडून द्या’ एवढेच सांगायचे. कोणाची तार कुठल्या खाचेत, हे ऑपरेटरला पाठ असे. १८७९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील लॉवेल गावात गोवराची साथ आली. तिथले डॉ. मोझेस ग्रीली पार्कर यांना धास्ती वाटली, की गावातल्या चारही ऑपरेटर एकदम आजारी पडल्या तर बदली माणसांना इतकी नावे कशी लक्षात राहणार? त्यांनी ग्राहकांना क्रमांक द्यावेत असे सुचवले. आज आपण जो फोन नंबर म्हणतो, त्याच्या मुळाशी एका डॉक्टरची ही काळजी आहे. ऑपरेटरच्या डोक्यात जे साठलेले असते ते कागदावर उतरवण्याचा तो पहिला प्रयत्न म्हणता येईल. रुग्णालयांपुरता तो अजूनही पुरा झालेला नाही.

मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथे २८ जानेवारी १८८२ रोजी एक्स्चेंजे सुरू झाली. ती ओरिएंटल टेलिफोन कंपनीची होती. स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट १८९१ मध्ये घेतले ते कॅन्सस सिटीच्या आल्मन स्ट्रॉजर याने. हा गृहस्थ अंत्यविधीच्या सामानसोयीचा धंदा करणारा. ऑपरेटर आपली गिऱ्हाइके मुद्दाम प्रतिस्पर्ध्याला जोडून देतात, असा त्याला संशय होता. त्याच्या यंत्राने शहरांतल्या ऑपरेटरची गरज हळूहळू संपवली, पण रुग्णालयातल्या ऑपरेटरची नाही. कारण सोपे आहे. घरी फोन करणाऱ्याला माणूस माहीत असतो. रुग्णालयाला फोन करणाऱ्याला बहुतेक वेळा फक्त रुग्णालय माहीत असते.

बोर्डाची रचना : जुन्या दोरीच्या बोर्डावर प्रत्येक एक्स्टेंशनसाठी, म्हणजे अंतर्गत फोनसाठी, एक खाच आणि तिच्यावर छोटा दिवा किंवा पडणारी झडप असे. समोर दोऱ्यांच्या जोड्या असत. एक दोरी बोलावणाऱ्याच्या खाचेत घालून ‘नमस्कार, बोला’ म्हणायचे, तिची जोडीदार ज्याला हवे त्याच्या खाचेत घालायची आणि किल्ली दाबून घंटा वाजवायची. समोरचा आधीच बोलत आहे का, हे कळण्यासाठी प्लगचे टोक खाचेच्या कडेला नुसते टेकवत. कानात ‘टक्’ असा आवाज आला की लाइन गुंतलेली. अनुभवी हात हे इतक्या झटपट करत की बघणाऱ्याच्या ते लक्षातही येत नसे. किल्ली ऐकण्याच्या स्थितीत ठेवली की दोघांचे बोलणे ऐकता येई, आणि ती ठेवू नये हा शिस्तीचा पहिला धडा होता.

बाहेरगावचा फोन म्हणजे ट्रंक कॉल. भारतात थेट डायल करून परगावी बोलण्याची सोय, म्हणजे एसटीडी, २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्या दरम्यान सुरू झाली. ती सगळीकडे पोचायला बरीच वर्षे लागली. तोवर रुग्ण दगावल्याचे गावाकडे कळवायचे तर ऑर्डिनरी, अर्जंट की (सर्वांत तातडीचा) लाइटनिंग, हे ठरवून कॉल बुक करायचा आणि लाइन लागेपर्यंत वाट पाहायची, हेही बोर्डाचेच काम होते.

पुढे ईपीएबीएक्स, म्हणजे संस्थेचे स्वतःचे इलेक्ट्रॉनिक स्वयंचलित एक्स्चेंज, आले. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने देशी तंत्रावर छोटी एक्स्चेंजे तयार केली आणि दोऱ्यांचे बोर्ड भंगारात गेले. आता वॉर्डातून वॉर्डात थेट फिरवता येते. ऑपरेटरकडे येतात ते बाहेरून आलेले आणि आत वाट चुकलेले फोन. त्याच्या कन्सोलला काही खास अधिकार असतात. इशाऱ्याचा स्वर देऊन चालू संभाषणात शिरता येते, एखादी लाइन मोकळी करवून घेता येते. एक्स्चेंज बॅटरीवर चालते. ती बॅटरीही संपली, तर बाहेरच्या काही लाइन आपोआप ठरावीक साध्या फोनना थेट जोडल्या जातील अशी सोय बऱ्याच यंत्रांत असते. ते फोन कॅज्युअल्टीत आणि अतिदक्षता विभागात ठेवावेत, हे उघड आहे. प्रत्यक्षात ते अनेकदा साहेबांच्या केबिनमध्ये सापडतात.

कामाचे स्वरूप : लाइन जोडणे हा या कामाचा सोपा भाग. अवघड आहे ते, या क्षणी कोण कुठे आहे हे माहीत असणे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मेडिसिन, सर्जरी, अस्थिरोग अशा प्रत्येक विभागाची अनेक युनिटे असतात आणि आठवड्याचे वार त्यांच्यात वाटलेले असतात. ‘आज इमर्जन्सी कोणाची?’ या प्रश्नाच्या उत्तरावर पुढचे सगळे अवलंबून असते. निवासी डॉक्टरांच्या नेमणुका ठरावीक महिन्यांनी फिरतात, दोघे आपसांत ड्यूटी बदलतात, कोणी रजेवर जातो. छापील ड्यूटी यादी सकाळी बोर्डावर येते, आणि दुपारपर्यंत तिच्यात पेनाने खाडाखोड झालेली असते. ती खाडाखोड हीच खरी यादी.

त्यात नावांचा घोळ. मोठ्या रुग्णालयात तीन-चार डॉक्टर पाटील, तितकेच कुलकर्णी आणि शेख असतात. फोनवरच्या माणसाला पूर्ण नाव ठाऊक नसते. ‘पाटील डॉक्टर द्या’ म्हटल्यावर ऑपरेटर विचारतो, “कोणते पाटील? हाडांचे की लहान मुलांचे?” एवढ्याने भागले नाही, तर पेशंटला काय झाले आहे यावरून तो पाटील शोधतो. मुंबईत भाषेचाही प्रश्न येतो. परळच्या केईएमला (स्थापना १९२६) कोकणातून, घाटावरून आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून फोन येतात. शेजारच्या टाटा मेमोरियलमध्ये (१९४१) बंगाल आणि ईशान्य भारतातून आलेले रुग्ण मोठ्या संख्येने असतात. मराठी, हिंदी आणि कामापुरते इंग्रजी एवढ्यावर ऑपरेटर वेळ निभावतो. समोरचा रडत असेल तर भाषा कोणतीही असली तरी पहिली काही वाक्ये कळत नाहीतच.

मोबाइल येण्यापूर्वी वरिष्ठ डॉक्टर घरी असेल तर ऑपरेटर फोन लावी. निवासी डॉक्टर आवारातच असेल तर वॉर्डबॉय ‘कॉल बुक’ घेऊन त्याच्या खोलीवर किंवा कँटीनमध्ये जाई आणि वेळ घालून सही घेई. पुढे काही घोटाळा झाला, तर कोणाला किती वाजता निरोप मिळाला याचा तो लेखी पुरावा असे. बोर्डावरचे नोंदवहीतले टिपणही त्याच कामाचे.

आणीबाणीची बोलावणी : रुग्णाचे हृदय बंद पडले की वॉर्डातली परिचारिका ठरावीक क्रमांक फिरवते आणि ऑपरेटर पुनरुज्जीवन पथकाला बोलावतो. भारतातील अनेक रुग्णालयांत ही हाक ‘कोड ब्ल्यू’ म्हणून ध्वनिवर्धकावरून दिली जाते. आगीसाठी कोड रेड, बालक पळवले गेल्यास कोड पिंक असे रंग प्रचलित आहेत. सगळे रंग मात्र सर्वत्र सारखे नसतात, आणि नोकरी बदललेल्या माणसाची त्यात फसगत होते.

या बाबतीत ब्रिटनचा अनुभव बोलका आहे. तिथे प्रत्येक रुग्णालयाचा आणीबाणीचा अंतर्गत क्रमांक वेगळा होता. रुग्णालये बदलत फिरणाऱ्या तरुण डॉक्टरांना ऐन वेळी तो आठवेना. २००४ मध्ये तिथल्या राष्ट्रीय रुग्णसुरक्षा यंत्रणेने सर्वत्र २२२२ हाच क्रमांक ठेवण्याची शिफारस केली. २०१६ मध्ये युरोपातील पुनरुज्जीवन आणि भूलशास्त्राच्या संघटनांनी हाच क्रमांक सगळ्या युरोपसाठी सुचवला. २२२२ वरचा फोन ऑपरेटर इतर सगळे सोडून घेतो, प्रौढ की बालक, इमारत, मजला, वॉर्ड हे विचारून ते पुन्हा म्हणून दाखवतो आणि पथकाच्या पेजरवर, म्हणजे संदेश घेणाऱ्या खिशातल्या छोट्या यंत्रांवर, एकदम संदेश सोडतो. पथकातल्या प्रत्येकाचा पेजर चालू आहे ना, याची चाचणी रोज घेतली जाते. ज्याचे उत्तर येत नाही त्याला शोधायचे कामही बोर्डाचेच.

पेजर हे मुळात रुग्णालयाचेच अपत्य. १९५० मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यूइश हॉस्पिटलमध्ये आणि १९५६ मध्ये लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्याचे आरंभीचे प्रयोग झाले. ब्रिटनच्या आरोग्यसेवेत २०१९ मध्येही सुमारे १ लाख ३० हजार पेजर वापरात होते. भारतात पेजर आणि मोबाइल एकाच सुमारास, १९९५ मध्ये आले. त्यामुळे इथल्या रुग्णालयांत पेजर रुजला नाही. कॉल बुकातून थेट मोबाइलवर आणि तिथून व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर उडी पडली. तळघरातल्या रेडिओथेरपी विभागात, जिथे भिंती मुद्दाम जाड असतात, तिथे मोबाइलला रेंज नसते. तिथे अजून एक्स्टेंशनच वाजते.

मोठी दुर्घटना झाली की काम उलटे होते : आतल्यांना बोलावण्यापेक्षा बाहेरच्यांना उत्तर देणे भारी पडते. ११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकल गाड्यांत स्फोट झाले तेव्हा मोबाइलची जाळी कोलमडली होती. अशा वेळी माणसे रुग्णालयांचे क्रमांक फिरवत राहतात किंवा स्वतः दारात येतात. त्या क्षणी ऑपरेटरच्या हाती नावांची अर्धवट यादी असते आणि काही जखमींची नावे कोणालाच माहीत नसतात. कोविडच्या काळात ‘बेड आहे का?’ या एकाच प्रश्नाने बोर्ड तुंबले. जून २०२० मध्ये मुंबई महापालिकेने आपल्या २४ प्रशासकीय विभागांत वॉर रूम काढल्या आणि खाटा देण्याचे काम तिकडे सोपवले. रुग्णवाहिकेसाठी महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ हा वेगळा क्रमांक आहेच.

गोपनीयता : ‘आमचा पेशंट कसा आहे?’ या प्रश्नाला ऑपरेटरने स्वतः उत्तर देऊ नये, वॉर्डाला जोडून द्यावे. मृत्यूची बातमी तर बोर्डावरून कधीच सांगू नये, हा सर्वत्र पाळला जाणारा संकेत आहे. अमेरिकेत २००३ पासून लागू झालेल्या खासगीपणाच्या नियमांनुसार, नाव घेऊन विचारणाऱ्याला रुग्ण कुठे आहे आणि ‘बरा’, ‘गंभीर’ अशी ढोबळ अवस्था सांगता येते; रुग्णाने नकार दिला असेल तर तो रुग्णालयात आहे हेही सांगता येत नाही. आपल्याकडे कोर्टकज्जाच्या प्रकरणांत वार्ताहर नातेवाईक बनून फोन करतात, कधी विरोधी पार्टीचे लोक पोलीस म्हणून बोलतात. आवाजावरून खरेखोटे ओळखणे हे लेखी नियमांत बसत नाही, पण अपेक्षा तीच असते.

बोर्ड रिकामा ठेवल्याने काय होऊ शकते, हे ४ डिसेंबर २०१२ रोजी लंडनच्या किंग एडवर्ड सेव्हन्थ रुग्णालयात दिसले. पहाटे साडेपाचच्या सुमारास ऑस्ट्रेलियातील रेडिओ निवेदकांनी इंग्लंडची राणी आणि युवराज यांची नक्कल करून, तिथे दाखल असलेल्या केट मिडलटन यांची चौकशी केली. त्या वेळी फोन घ्यायला वेगळा माणूस नव्हता. मूळच्या मंगळूरकडच्या एका परिचारिकेने तो घेतला आणि विश्वासाने वॉर्डात जोडून दिला. संभाषण जगभर ऐकवले गेले. तीन दिवसांनी ती परिचारिका मृतावस्थेत आढळली. तिने आत्महत्या केल्याचा निष्कर्ष पुढे चौकशीत निघाला. निवेदकांवर टीकेची झोड उठली, ती रास्तच होती. रात्रपाळीत फोनची जबाबदारी ज्याचे ते काम नाही त्याच्यावर का यावी, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागेच राहिला.

दृष्टिहीन दूरध्वनीचालक : या पेशाचा इतिहास अंधांच्या रोजगाराशी जोडलेला आहे. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी लंडनमध्ये १९१५ साली सेंट डन्स्टन्स ही संस्था निघाली. तिथे शिकवल्या जाणाऱ्या व्यवसायांत टेलिफोनचे काम होते. भारतातही बँका, सरकारी कार्यालये आणि रुग्णालये यांच्या बोर्डांवर दृष्टिहीन ऑपरेटर दीर्घकाळ काम करत आले आहेत. अपंग व्यक्तींसाठीच्या १९९५ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत ३ टक्के आरक्षण दिले, २०१६ च्या कायद्याने ते ४ टक्के केले, आणि दृष्टिहीनांना योग्य ठरवलेल्या पदांत दूरध्वनीचालकाचे पद ठळक राहिले. झडपेच्या बोर्डावर झडप पडल्याचा आवाज येई आणि बोट लावून ती ओळखता येई. दिव्यांच्या बोर्डासाठी प्रकाश पडताच स्वर देणारी कांडी वापरत. शेकडो एक्स्टेंशने तोंडपाठ असल्याने अनेक दृष्टिहीन ऑपरेटर यादीत शोधणाऱ्या डोळस सहकाऱ्यापेक्षा झपाट्याने काम करतात. अडचण येते ती रोज बदलणाऱ्या ड्यूटी यादीची, कारण ती बहुधा हस्ताक्षरात किंवा फोटो काढून पाठवलेली असते आणि पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला वाचता येत नाही. गुळगुळीत टच स्क्रीनचे कन्सोल आल्यापासून त्यात भर पडली आहे.

सद्यस्थिती : खासगी रुग्णालयांच्या साखळ्यांनी अनेक शाखांचा मिळून एकच क्रमांक आणि एकच कॉल सेंटर ठेवण्याची पद्धत स्वीकारली आहे. अमेरिकेतील मोठ्या रुग्णालयसमूहांतही बोर्ड असेच एकवटले गेले. खर्च वाचतो, भेटीची वेळ पटकन मिळते. पण दुसऱ्या शहरात बसलेल्या माणसाला जुन्या इमारतीचा दुसरा मजला आणि नव्या इमारतीचा दुसरा मजला यांतला फरक ठाऊक नसतो, आणि कोड ब्ल्यूच्या वेळी तो फरक महाग पडू शकतो. म्हणून काही ठिकाणी चौकशीचे फोन दूर पाठवून आणीबाणीचे फोन आवारातल्या ऑपरेटरकडेच ठेवतात. ध्वनिमुद्रित सूचना, ‘मराठीसाठी एक दाबा’, आता सरकारी रुग्णालयांतही ऐकू येतात. त्या यादीच्या शेवटी ऑपरेटरशी बोलण्याचा पर्याय ठेवलेला असतो, आणि घाबरलेला माणूस यादी संपण्याची वाट न पाहता शून्य दाबतो.