टाकी तीच, पाणी वेगळं : न्यूट्रिनो शोधकांच्या अंशशोधनाची पार्श्वभूमी

२३ फेब्रुवारी १९८७ रोजी मोठ्या मॅजेलानिक मेघातल्या एका ताऱ्याच्या स्फोटातले न्यूट्रिनो, म्हणजे पदार्थातून जवळपास न अडता आरपार जाणारे, विद्युतभार नसलेले सूक्ष्म कण, पृथ्वीवर पोहोचले. जपानच्या कामिओका खाणीतल्या 'कामिओकांडे' या पाण्याने भरलेल्या शोधक टाकीने त्यांतले ११ टिपले, तर अमेरिकेत ओहायोतल्या मिठाच्या खाणीतल्या 'आयएमबी' या तशाच टाकीने ८. पुढे कामिओकांडेचे प्रमुख मासातोशी कोशिबा यांना नोबेल मिळालं, ते सर्वांना ठाऊक आहे. त्या दिवशी आयएमबीच्या प्रकाश टिपणाऱ्या जवळपास पाव नळ्या वीजपुरवठ्यातल्या बिघाडामुळे बंद होत्या आणि कामिओकांडेच्या घड्याळात मिनिटभराची अनिश्चितता होती, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. नोंदी खऱ्या होत्या, पण त्यांतून ऊर्जा किती आणि वेळ नेमकी कोणती हे काढायचं, तर आधी उपकरणाचीच परीक्षा घेणं भाग होतं. या परीक्षेलाच अंशशोधन म्हणतात.

या टाक्यांचं तत्त्व सोपं आहे. विद्युतभारित कण पाण्यातल्या प्रकाशापेक्षा वेगाने गेला, की त्याच्याभोवती निळसर प्रकाशाचा शंकू तयार होतो. हाच चेरेन्कोव्ह प्रकाश. भिंतीवरच्या फोटोमल्टिप्लायर नळ्यांना तो कड्यासारखा दिसतो. म्युऑनचं (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचं) कडं रेखीव असतं, इलेक्ट्रॉनचं विसविशीत. प्रत्येक नळीकडून दोनच गोष्टी कळतात : प्रकाश किती आला आणि केव्हा आला. आता एखाद्या नळीला प्रकाश कमी मिळाला, तर दोष कोणाचा? पाण्याने तो शोषला, विखुरला, की नळीच मंद आहे? अंशशोधनाचं सगळं दुखणं या प्रश्नात आहे.

१९९६ साली सुरू झालेल्या, कामिओकांडेची मोठी पुढची आवृत्ती असलेल्या सुपर-कामिओकांडेत ५०,००० टन पाणी आणि आतल्या बाजूला अकरा हजारांहून अधिक नळ्या आहेत. तिथे या प्रश्नावर जे उपाय झाले, ते वाचताना संशोधकांच्या चिकाटीचं कौतुक वाटतं. प्रकाशतंतूंतून लेसरचे झोत सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली जाते. मूळ वैद्यकीय वापरासाठी बनवलेला एक छोटा रेषीय त्वरक (कणांना वेग देणारं यंत्र) डोंगराखाली नेऊन, ऊर्जा ठाऊक असलेले इलेक्ट्रॉन नळीवाटे टाकीत सोडले गेले. पण ते जाणार फक्त वरून खाली. मग न्यूट्रॉन जनित्र टाकीत उतरवून पाण्यातल्याच ऑक्सिजनचा नायट्रोजन-१६ करायची युक्ती निघाली. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७ सेकंद असतं. तेवढ्यात जनित्र वर ओढून घ्यायचं, म्हणजे त्याची सावली पडत नाही. शिवाय किरणोत्सारी क्षय सर्व दिशांना होतो, त्यामुळे तराजूला हवं तसं प्रमाणित वजन हाती लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी, ते १९९८ मध्ये कळलं. वातावरणात तयार होणाऱ्या न्यूट्रिनोंचा (१९६५ मध्ये ते कोलारच्या सोन्याच्या खाणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गटानेही पकडले होते) अभ्यास करताना सुपर-कामिओकांडेतल्या ताकाकी काजितांच्या गटाला खालून, म्हणजे पृथ्वी ओलांडून येणारे म्युऑन न्यूट्रिनो (न्यूट्रिनोंच्या तीन प्रकारांपैकी एक) वरून येणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. म्हणजे न्यूट्रिनो वाटेत रूप बदलतात. पण टाकीच वर-खाली वेगळं मोजत असती तर? वरच्या आणि खालच्या पाण्याची पारदर्शकता किंचित वेगळी असतेच. म्युऑनच्या क्षयातून निघणारे इलेक्ट्रॉन तपासून ऊर्जामापनातला हा दिशाभेद एक टक्क्याच्या आत असल्याचं दाखवलं, तेव्हाच तो दावा टिकला.

१२ नोव्हेंबर २००१ रोजी एक नळी फुटली आणि तिच्या धक्क्याने हजारो नळ्या फुटल्या. नव्या नळ्यांना कवचं बसवली गेली. कवचांमुळे प्रकाशही थोडा बदलतो, म्हणून पुन्हा मोजणी. २०२० मध्ये पाण्यात न्यूट्रॉन पकडणारं गॅडोलिनियम मिसळलं, पुन्हा मोजणी.

मशिन लर्निंग या क्षेत्रात आलं ते कणांची ओळख पटवण्यासाठी. न्यूट्रॉनचा २.२ एमईव्हीचा (एमईव्ही हे कणांच्या ऊर्जेचं एकक) फिकट इशारा गोंगाटातून वेगळा काढायला सुपर-कामिओकांडेने न्यूरल नेटवर्क वापरलं. पण अशी नेटवर्क्स सिम्युलेशनवर शिकतात आणि सिम्युलेशन अंशशोधनावर उभं असतं. पाया तिरका असेल, तर नेटवर्क तो तिरकेपणा मन लावून शिकेल.

म्हणून आता रोख सिम्युलेशनकडेच वळला आहे. आजवर शोषण, विकिरण, परावर्तन, नळीची कार्यक्षमता हे आकडे बरेचसे वेगवेगळ्या स्रोतांवरून, टप्प्याटप्प्याने बसवले जात. नवा विचार असा : सिम्युलेशनच अशा प्रकारे लिहायचं, की प्रत्येक आकड्यातल्या बदलाचा परिणाम गणिताने थेट काढता येईल. मग नेटवर्क शिकवण्याचीच पद्धत वापरून, मोजलेल्या घटनांवरून सगळे आकडे एकदम सुधारायचे. कल्पना देखणी आहे, पण मला तिच्यात एक धोका दिसतो. मोकळीक जास्त दिली, तर पाण्याची चूक नळीच्या खात्यावर जमा होईल आणि बेरीज तरीही जुळेल.

जपानमध्ये उभारल्या जात असलेल्या, याहूनही मोठ्या हायपर-कामिओकांडेसाठी हा प्रश्न आणखी टोकदार होतो. तिची टाकी ६८ मीटर व्यासाची आणि सुमारे ७१ मीटर उंच असेल, त्यामुळे प्रकाशाला पाण्यातून अधिक अंतर कापावं लागेल. न्यूट्रिनो आणि प्रतिन्यूट्रिनो (त्यांचे प्रतिकण) यांच्या वागण्यातला बारीक फरक पकडायचा असल्यामुळे चुकीला फारशी जागा नाही. युरोपातल्या सर्न या कणभौतिकी प्रयोगशाळेत याच जातीची एक छोटी टाकी उभारून तिच्यात त्वरकातले कण सोडण्यात आले आहेत. तिथे कण कोणता आणि त्याचा संवेग किती हे आधीच ठाऊक असतं. यंत्राने शिकलेलं पाण्याचं चित्र कितपत खरं आहे, ते या नोंदींशी ताडून पाहता येतं.