पेट्रोलचा काटा चुकीचा दाखवत असेल तर: जुन्या ब्रिटिश मोटारींच्या मालकांसाठी माहितीपत्रक

एमजी, मॉरिस, ऑस्टिन, ट्रायम्फ यांसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्यांचे मालक पेट्रोलच्या काट्याची तक्रार घेऊन आमच्या कार्यशाळेत येतात, तेव्हा अनेकांनी नवे गेज (डॅशबोर्डवरचे काट्याचे उपकरण) मागवण्याचे आधीच ठरवलेले असते. आमचा आग्रह असा की, तपासणी पूर्ण होईपर्यंत डॅशबोर्ड उघडू नये आणि पैसेही खर्च करू नयेत. या गाड्यांतील स्मिथ्स कंपनीची गेज चांगलीच टिकाऊ असतात आणि दोष बहुधा टाकीजवळ, वायरमध्ये किंवा अर्थच्या, म्हणजे गाडीच्या धातूच्या बॉडीशी असलेल्या विजेच्या जोडणीत सापडतो.

प्रथम आपल्या गाडीत कोणत्या प्रकारचे गेज आहे ते ओळखावे. इग्निशन चालू करताच काटा झटकन वर जात असेल आणि वळणावर पेट्रोल हलले की तोही हलत असेल, तर ते दोन कॉइलचे जुने गेज आहे. काटा सावकाश, काही सेकंद घेत वर चढत असेल, तर ते दोन धातूंच्या तापणाऱ्या पट्टीवर चालणारे नंतरचे गेज आहे. एमजीच्या एमजीबी या मॉडेलमध्ये हा बदल 1964च्या सुमारास झाला. परंतु साठ वर्षांत गाडीचे सुटे भाग कितीदा बदलले गेले असतील हे सांगता येत नाही, म्हणून उत्पादनाच्या वर्षापेक्षा काट्याच्या चालीवर विश्वास ठेवावा.

ही ओळख महत्त्वाची आहे, कारण एकाच लक्षणाचा अर्थ दोन्ही प्रकारांत अगदी उलट होतो. जुन्या प्रकारात टाकी रिकामी असताना सेंडरचा (टाकीत बसवलेल्या, पेट्रोलची पातळी गेजला कळवणाऱ्या भागाचा) विजेला होणारा रोध जवळजवळ शून्य असतो आणि टाकी भरल्यावर तो सुमारे 70 ओहमपर्यंत (ओहम हे रोधाचे एकक) जातो. त्यामुळे टाकीकडे जाणारी वायर तुटली तर काटा ‘फुल’च्याही पुढे जाऊन बसतो. नंतरच्या प्रकारात रिकाम्या टाकीला सुमारे 240 ओहम आणि भरलेल्या टाकीला 20 ते 30 ओहम रोध असतो. तेथे वायर तुटली की काटा ‘एम्प्टी’वरच राहतो. म्हणजेच काटा सतत ‘फुल’ दाखवत असेल, तर जुन्या गाडीत तुटलेली वायर किंवा गेलेले अर्थिंग शोधावे आणि नंतरच्या गाडीत वायर कोठे घासून बॉडीला टेकली आहे का ते पाहावे. एका प्रकारचे गेज आणि दुसऱ्या प्रकारचा सेंडर एकत्र बसवले, तर काटा कधीच खरे सांगणार नाही. दुसऱ्या गाडीचे सुटे भाग वापरून झालेल्या दुरुस्तीत हा दोष अवश्य तपासावा.

नंतरच्या प्रकारच्या गाड्यांत डॅशबोर्डमागे व्होल्टेज स्टॅबिलायझर नावाची लहान डबी असते. ती बॅटरीचे 12 व्होल्ट सतत जोडत-तोडत राहून गेजला सरासरी 10 व्होल्ट पुरवते. आपल्या गाडीतील तापमानाचे गेजही याच डबीवर चालत असेल आणि दोन्ही काटे एकाच वेळी जास्त किंवा कमी दाखवत असतील, तर टाकीकडे न जाता प्रथम या डबीचे अर्थिंग तपासावे. अर्थिंग सुटले की दोन्ही काटे प्रमाणापेक्षा वर चढतात. बदलून इलेक्ट्रॉनिक डबी बसवायची असल्यास गाडीचा अर्थ पॉझिटिव्ह आहे की निगेटिव्ह, म्हणजे बॅटरीचे कोणते टोक बॉडीला जोडलेले आहे, हे आधी नक्की करावे. 1967च्या आधीच्या अनेक ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या आहेत आणि चुकीची डबी जोडताक्षणी निकामी होऊ शकते.

प्रत्यक्ष तपासणी इग्निशन बंद ठेवून सुरू करावी. प्रथम फ्यूज पाहावा, इग्निशन चालू करून गेजकडे येणारा पुरवठा पाहावा, मग इग्निशन पुन्हा बंद करून टाकीवरील काळ्या पट्ट्याची हिरवी वायर सेंडरपासून सोडवावी. जुन्या प्रकारात ती बॉडीला जोडून इग्निशन चालू केल्यास काटा ‘एम्प्टी’वर यायला हवा. नंतरच्या प्रकारात वायर थेट बॉडीला कधीही जोडू नये, कारण त्यामुळे गेजमधील तापणारी तार जळू शकते. त्याऐवजी 68 ओहमचा, किमान 2 वॅटचा रेझिस्टर (ठरावीक रोधाचा सुटा भाग) वायर आणि बॉडी यांच्या मध्ये घालावा, म्हणजे काटा साधारण निम्म्यावर थांबतो. काटा अपेक्षेप्रमाणे वागला, तर गेज आणि वायर दोन्ही चांगली आहेत आणि दोष सेंडरमध्ये किंवा त्याच्या अर्थिंगमध्ये आहे.

त्यातही आधी अर्थिंगच पाहावे. सेंडरचा अर्थ टाकीच्या पत्र्यातून बॉडीकडे जातो. गंज, नवा रंग किंवा टाकीच्या पट्ट्यांखालचे रबर त्याची वाट अडवते. किनारपट्टीवरच्या, विशेषतः कोकण आणि गोव्यातील गाड्यांत पावसाळ्यानंतर ही जागा आवर्जून पाहावी. सेंडरच्या बॉडीपासून चेसिसपर्यंत एक स्वतंत्र वायर तात्पुरती जोडून पाहिल्याने पुष्कळदा तेथेच निकाल लागतो.

सेंडर बाहेर काढण्याचे काम मात्र शक्यतो आमच्याकडे सोपवावे. स्वतः करायचे असल्यास गाडी मोकळ्या हवेत उभी करावी, बॅटरी सोडवावी, टाकी रिकामी करावी आणि सेंडर टाकीत घट्ट धरणारी लॉकिंग रिंग पितळी ड्रिफ्टनेच (ठोकण्याच्या दांड्यानेच) ठोकून फिरवावी, कारण पोलादाची ठिणगी पेट्रोलच्या वाफेला पुरेशी असते. सेंडरचा पितळी फ्लोट (पेट्रोलवर तरंगणारा पोकळ डबा) कानाजवळ हलवल्यावर आत पेट्रोल डुचमळत असेल, तर तो बुडतो आणि काटा नेहमी कमी दाखवतो. असा फ्लोट घरी डाग देऊन बुजवू नये. आत अडकलेल्या वाफेचा स्फोट होतो. तो बदलावा. हाताने फ्लोट वरखाली करताना रोध मोजणाऱ्या मल्टीमीटरचा आकडा मध्येच तुटला, तर रोधाची तार झिजली आहे असे समजावे.

सेंडरखालचे सील प्रत्येक वेळी नवेच घालावे. देशात आता मिळणाऱ्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये जुने रबर फुगते किंवा कडक पडते, म्हणून आम्ही इथेनॉल सोसणारेच सील वापरतो. हे पेट्रोल ओलावाही शोषते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीच्या आतून गंज चढतो आणि त्याचा चुरा सेंडरमध्ये अडकतो.

जोडणी झाल्यावर सपाट जागी पाच-पाच लिटर पेट्रोल घालत काटा कोठे येतो ते लिहून ठेवावे. घाट चढताना काटा थोडा फिरला, तर तो दोष नव्हे. अॅम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी यांच्या मालकांनी वरील रोधाचे आकडे आपल्या गाडीस लावू नयेत. त्यांच्या सेंडरची मोजणी आम्ही वेगळी करून देतो. तपासणीसाठी गाडी आणताना टाकीत पाव भागापेक्षा जास्त पेट्रोल ठेवू नये, आणि गेज, सेंडर किंवा स्टॅबिलायझर यांपैकी काही पूर्वी बदलले असल्यास ते आम्हाला अवश्य सांगावे.