हँडल लोंबकळलं म्हणजे लॉक गेलं असं नाही

आमच्या आतल्या खोलीच्या दाराचं हँडल एक दिवस दाबलं ते खालीच राहिलं. दार उघडत होतं, लागतही होतं, फक्त हँडल दरवेळी हाताने उचलून वर न्यावं लागायचं, आणि घरातल्या प्रत्येकाचं म्हणणं एकच की लॉक गेलं, आता अख्खं नवीन बसवा. मी ते काढून उघडलं तेव्हा आतले सगळे लोखंडी भाग अगदी धडधाकट होते आणि लॉकच्या पेटीच्या कोपऱ्यात तारेचा नखाएवढा तुटका आकडा पडलेला होता. बिघाड तेवढाच. एवढ्याशा तारेपायी सगळं यंत्र भंगारात जाणार होतं.

दाराचं लॉक हे घरातल्या सगळ्यात सरळ यंत्रांपैकी एक आहे. साध्या लॉकमध्ये वीज नाही, चिप नाही, जे काय चालतं ते डोळ्यांना दिसतं. आणि त्यात आधी दगा देते ती बहुतेक वेळा स्प्रिंग. ती का तुटते हे नीट कळलं की दुरुस्ती कशी करायची तेही कळतं आणि केलेली दुरुस्ती महिन्याभरात परत का फसते तेही कळतं.

पण स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी एक मिनिटाची टेस्ट करा. दार सताड उघडं ठेवा आणि तसंच किल्ली फिरवून बघा, हँडल दाबून बघा. उघड्या दारात सगळं सहज चालतंय आणि दार लावल्यावरच अडकतंय, तर लॉक उघडूच नका, त्यात काही झालेलं नाही, दार जागेवरून हललंय. समजा दार 80 सेंटीमीटर रुंद आहे आणि वरच्या-खालच्या बिजागऱ्यांमध्ये 160 सेंटीमीटर अंतर आहे. वरच्या बिजागरीचे स्क्रू सैल होऊन ती 4 मिलिमीटर बाहेर आली की दाराची लॉककडची कड 2 मिलिमीटर खाली उतरते, आणि चौकटीवरच्या पट्टीच्या भोकात एवढी मोकळी जागा बऱ्याचदा नसतेच. मग किल्लीने बाहेर येणारा बोल्ट पट्टीच्या काठावर आपटतो, आपण किल्लीला जोर लावतो, आणि शेवटी चांगली किल्ली मोडते. दमट दिवसांत लाकडाचं दार फुगतं तेव्हाही हेच होतं, कारण लाकूड ओल शोषून रेषांच्या आडव्या दिशेत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच, म्हणजे दार रुंदीला वाढतं आणि तिथेच चौकटीला घासतं. बोल्टच्या टोकाला खडू फासा, दार लोटून बोल्ट बाहेर काढा आणि पट्टीवर खडूचा डाग कुठे पडला ते बघा. बिजागरीचे स्क्रू पिळून किंवा पट्टीचं भोक कानशीने थोडं मोठं करून काम होतं. वाईट म्हणून बदलली जाणारी किती लॉक्स खरं तर इथेच सुटली असती असं मला नेहमी वाटतं.

उघड्या दारातही त्रास होत असेल तर मात्र लॉक काढायचं. दारात आत बसणारं लॉक असेल तर आधी हँडलं आणि त्यांच्यामधून जाणारी चौकोनी दांडी काढा. मग दाराच्या कडेला, बोल्टच्या खाली, एक लांब स्क्रू असतो, तो सिलेंडरला, म्हणजे किल्ली जिथे घालतो त्या भागाला, धरून ठेवतो. तो काढला तरी सिलेंडर लगेच निघत नाही आणि लोक इथेच हातोडी घेतात. किल्ली घालून थोडीशी फिरवा, सिलेंडरच्या मधला दाता आत सरकून रेषेत आला की सिलेंडर सहज बाहेर ओढता येतो. मग कडेच्या पट्टीचे स्क्रू काढून पेटी बाहेर ओढायची.

पेटी टेबलावर सपाट ठेवा, झाकणाचे स्क्रू काढा आणि झाकण एका अंगाने अगदी हळू उचला, कारण आत ताणलेली स्प्रिंग आहे आणि ती उडाली की कुठे गेली ते कळत नाही. मी तर हात आणि पेटी दोन्ही एका मोठ्या पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून झाकण काढते. झाकण निघाल्याबरोबर, काहीही हलवायच्या आधी, फोटो काढून ठेवा.

आत काय दिसतं? मध्ये एक फिरकी, जिच्या चौकोनी भोकातून हँडलची दांडी जाते. फिरकी वळली की तिचं एक टोक तिरक्या जिभेला (दार लोटलं की चौकटीच्या पट्टीत अडकते ती) आत ओढतं. जिभेमागे एक लांब स्प्रिंग असते, ती जिभेला परत बाहेर ढकलते. आणि फिरकीला परत जागेवर आणायला वेगळी स्प्रिंग, बऱ्याचदा तारेचे चार-पाच वेढे आणि दोन्हीकडे पाय असलेली, कपड्यांच्या चिमट्यात असते तशी. म्हणून हँडल लोंबकळतंय पण जीभ टचकन बाहेर येतेय तर फिरकीची स्प्रिंग गेली (काही लॉक्समध्ये ती हँडलच्या चकतीतच असते, ते आधी बघून घ्या), आणि हँडल वर येतंय पण जीभ आतच राहतेय तर जिभेची स्प्रिंग तरी गेली किंवा आत घाण तरी साचली.

माझ्या स्प्रिंगचा एक पाय तुटला होता, बरोबर जिथे तार काटकोनात वळून आकडा झाला होता तिथे. तुटलेलं टोक मी भिंगाखाली धरलं आणि बराच वेळ बघत बसले. दीड मिलिमीटरपेक्षा कमी जाडीची तार, पण तिच्या तुटक्या तोंडावर दोन वेगळे भाग दिसत होते, एका बाजूला गुळगुळीत, मळकट चंद्रकोर आणि उरलेला भाग खरखरीत, दाणेदार, ताजा चमकणारा. ती तार त्या दिवशी तुटलीच नव्हती. ती कित्येक महिने तुटत आली होती आणि त्या दिवशी फक्त शेवटचा दाणेदार भाग गेला.

याला धातूचा थकवा म्हणतात. एखादी तार एकदा वाकवून सोडली आणि ती पूर्ववत झाली तर तिला काहीच झालं नाही असं आपल्याला वाटतं. एकदाच वाकवली तर ते जवळपास खरंही आहे. पण दिवसाला 20 वेळा हँडल दाबलं तरी वर्षाला 7,300 वेळा होतं आणि दहा वर्षांत 73,000. प्रत्येक वेळी जिथे ताण सगळ्यात जास्त, तिथे एखाद्या बारीक ओरखड्यातून भेग सुरू होते, दर दाबाला कणभर पुढे सरकते, तिच्या दोन्ही भिंती एकमेकींवर घासून गुळगुळीत होतात, आणि उरलेली तार एवढी बारीक होते की एका साध्या दाबाला ती पटकन जाते.

हे माणसाला कळलं ते फार मोठी किंमत मोजून. 8 मे 1842 ला व्हर्सायहून पॅरिसकडे येणाऱ्या रेल्वेच्या इंजिनाचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा दांडा, तुटला, गाडी घसरली, आग लागली आणि पन्नासहून जास्त माणसं गेली. त्या काळात लोकांची समजूत अशी की वापरून वापरून लोखंडाची आतली जातच बदलते, ते दाणेदार आणि ठिसूळ होतं, कारण तुटलेल्या तोंडावर तसे दाणे दिसायचे. विल्यम रँकिन या तरुण स्कॉटिश इंजिनिअरने 1843 मध्ये तुटलेले ॲक्सल तपासून सांगितलं की भेग हळूहळू आत शिरत जाते आणि ती सुरू होते जिथे ॲक्सलची जाडी एकदम बदलते त्या धारदार कोपऱ्यात, तेव्हा तो कोपरा गोलाकार करा. पुढे जर्मनीत ऑगस्ट व्योलरने 1850 ते 1870 च्या दरम्यान ॲक्सल परत परत वाकवून मोजमापं घेतली आणि दाखवलं की ताण थोडा कमी केला तर आयुष्य कितीतरी पटींनी वाढतं.

रेल्वेचा ॲक्सल आणि माझा नखाएवढा आकडा, दोघांची गोष्ट एकच, धारदार कोपरा. आणि ही गोष्ट मला आधी माहीत असती तर एक दुरुस्ती वाचली असती. मी पहिल्यांदा काय केलं, स्प्रिंगचा अर्धा वेढा उलगडून सरळ केला आणि चपट्या पकडीने कडक काटकोन करून नवा आकडा बनवला. छान बसला. तीन आठवड्यांनी तो बरोबर त्याच कोपऱ्यात तुटला. दुसऱ्यांदा मी तार एका जाड खिळ्याभोवती गोल वळवली, पकडीचे दात तारेला लागू नयेत म्हणून मध्ये कापड घेतलं, कारण पकडीचा प्रत्येक ओरखडा म्हणजे पुढच्या भेगेची सुरुवात, आणि टोकावरची धार कानशीने मारून घेतली. तो आकडा अजून चालू आहे. एक मात्र सांभाळा, तार वळत नाही म्हणून गॅसवर लाल करू नका. स्प्रिंगच्या तारेची ताकद ती थंड ओढून बनवताना आलेली असते, लालबुंद केली की ती ताकद जाते आणि हातात साधी मऊ तार उरते, वाकवली की वाकडीच राहणारी.

अर्धा वेढा कमी केल्याचं गणितही बघा. स्प्रिंगचा कडकपणा वेढ्यांच्या उलट प्रमाणात असतो, म्हणजे साडेचारचे चार वेढे झाले की स्प्रिंग सुमारे साडेबारा टक्के कडक होते आणि हँडल तेवढंच फिरत असल्याने तारेवरचा ताणही तेवढाच वाढतो. एकदा चालून जातं. परत परत वेढे खाल्ले तर नाही.

नवी स्प्रिंग आणायची तर जुनी सोबत न्या, आणि इथे जवळपास सगळे एक चूक करतात, जरा जाड तारेची घेतात, जास्त टिकेल म्हणून. स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. 1 मिलिमीटरऐवजी 1.2 मिलिमीटरची तार घेतली तर 1.2 चा चौथा घात 2.07, म्हणजे हँडल दाबायला दुप्पट जोर. बरं, ती टिकते तरी जास्त का, तर तेही नाही. हँडल ठरलेल्या कोनातच फिरतं, आणि तेवढ्याच कोनासाठी जाड तारेच्या बाहेरच्या थराला जास्त ताणावं लागतं, म्हणून वेढ्यांचा घेर आणि संख्या तीच असेल तर जाड तारेवर ताण जास्त येतो आणि ती आधी थकते. टिकाऊ हवी असेल तर जाडी तीच ठेवून एखादा वेढा जास्त असलेली घ्या, पेटीत मावत असेल तर. आणि बसवताना दिशा बघा, हँडल दाबल्यावर वेढे घट्ट व्हायला पाहिजेत, उलगडायला नको.

स्प्रिंगचं झालं की बाकीचं थोडक्यात. जुनं काळं ग्रीस कापडाने पुसून काढा, जीभ आणि फिरकी जिथे घासतात तिथे नवं ग्रीस अगदी बोटाला लागेल एवढंच. किल्लीच्या सिलेंडरमध्ये मात्र तेल नको. आतल्या पिना नेमक्या उंचीवर आल्या तरच सिलेंडर फिरतो, लायनस येल ज्युनिअरने 1861 मध्ये पेटंट घेतलेली रचना आजही तीच आहे, आणि तेलात धूळ चिकटून लगदा झाला की त्या पिना अडकतात. तिथे कोरडं ग्राफाइट. त्यातले कार्बनचे पातळ थर एकमेकांवरून घसरतात म्हणून ते चालतं. पूड नसेल तर मऊ शिसाची, 6बी किंवा 8बी पेन्सिल किल्लीच्या दात्यांवर घासा आणि किल्ली चार-पाच वेळा आत-बाहेर करा. साध्या कडक पेन्सिलीत चिकणमाती जास्त असते, ती नको.

मधली फिरकीच चौकोनी भोकाच्या कोपऱ्यातून तडकली असेल तर तिला वाचवत बसू नका. ती बऱ्याचदा जस्ताच्या मिश्रधातूची ओतीव असते, घरी जोडता येत नाही आणि गोंद तो पीळ सहन करत नाही, तो भाग किंवा पेटी बदला. आगीच्या वेळी बाहेर पडायच्या दारांच्या लॉकला घरगुती दुरुस्ती अजिबात नको.

सगळं परत बसवण्याआधी झाकण लावून, दांडी फिरकीत घालून, टेबलावरच तीस-चाळीस वेळा फिरवून बघा. मग दारात बसवा आणि पहिल्या दिवशी दार लावून घ्यायच्या आधी तेच उघड्या दारात करा, जीभ बोटाने आत ढकलून, हँडल दाबून, किल्ली दोन्ही बाजूंनी फिरवून, आणि पहिल्यांदा दार लावाल तेव्हा खोलीच्या आत एक माणूस स्क्रू ड्रायव्हर घेऊन उभा असू द्या.