बाळाच्या तळव्यांना काय कळतं

माझा भाचा चौदा महिन्यांचा असताना आमच्याकडे राहायला आला होता. नुकता चालायला लागलेला. हॉलच्या गुळगुळीत फरशीवरून डुगडुगत यायचा आणि दाराशी काथ्याचं पायपुसणं आलं की थबकायचा. एक पाय पुढे टाकायचा, टोचलं की आखडून घ्यायचा. मग खाली बसून तळहाताने चाचपायचा, उठून पुन्हा तोच पाय टाकून बघायचा. अर्धी सकाळ त्याने त्या हातभर पायपुसण्यावर काढली. शेजारी दिवे लागणारी, गाणी म्हणणारी खेळणी तशीच पडून होती.

त्याच आठवड्यात बहिणीने मला सेन्सरी मॅटची जाहिरात दाखवली. एकमेकांत अडकवायचे फोमचे चौकोन, एकावर गोटे, एकावर गवताची पाती, एकावर शिंपल्यांसारखे उंचवटे. खाली आश्वासनं: मेंदूचा विकास, एकाग्रता, सपाट तळव्यांवर उपाय. “ताई, घेऊ का गं?” असं तिने विचारलं. एका शब्दात उत्तर देता येईना, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सुरुवात कातडीपासून करू. स्पर्श ही गर्भात सगळ्यात आधी जागी होणारी जाणीव. आठव्या आठवड्याच्या सुमारास ओठांभोवती हलका स्पर्श झाला तर गर्भ प्रतिसाद देतो. जन्मलेलं बाळ हातात दिलेली वस्तू गुळगुळीत आहे की दाणेदार, त्यानुसार मुठीची पकड बदलतं. तळहात आणि तळपाय यांच्या बिनकेसांच्या कातडीत चार प्रकारचे स्पर्शग्राहक असतात. त्यांतले मर्केल हे वस्तूच्या कडा आणि सततचा दाब टिपतात, माइसनर हलका स्पर्श आणि घसरण, रुफिनी कातडीचा ताण आणि खोलवरचे पॅचिनी बारीक कंपनं. एका तळहातात असे सुमारे १७,००० चेतातंतू पोचतात. तळपायात त्याच्या दहावा हिस्सा, तेही बोटांकडे आणि बाहेरच्या कडेला अधिक, टाचेला कमी.

यातले माइसनर आणि पॅचिनी बदल झाला की संदेश पाठवतात आणि लगेच गप्प होतात. अंगातला सदरा घातल्यावर क्षणभर जाणवतो, मग दिवसभर आठवतही नाही, तो यामुळेच. गोट्यांच्या मॅटवर बाळाला नुसतं उभं केलं, तर पहिल्या काही क्षणांनंतर या दोघांकडे सांगण्यासारखं फारसं उरत नाही. पाय उचलला, टाकला, घसरला, की पुन्हा बातमी.

आता हे घरी करून बघा. गोणपाटावर बोट नुसतं टेकवा. न हलवताही वीण कळते. मग रेशमी साडीच्या पदरावर तसंच टेकवा. काही कळत नाही. बोट फिरवलं की रेशीम लगेच ओळखू येतं. जाडाभरडा पोत कातडीवर उमटलेल्या ठशावरून कळतो, तर तलम पोत बोट सरकताना उठणाऱ्या कंपनांवरून. जर्मन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड काट्झ यांनी १९२५ मध्येच असे दोन मार्ग असल्याचं सुचवलं होतं आणि नंतरच्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. या कसोटीवर बाजारातल्या बऱ्याच मॅट अपुऱ्या वाटतात. त्यांच्यावरचे सेंटीमीटरभर उंचवटे म्हणजे पोत कमी, आकार जास्त. आणि गोटे काय, गवत काय, शिंपले काय, सगळं एकाच फोमचं! हाताला गारवा, ओल, केसाळपणा, चिकटपणा काहीच लागत नाही.

स्पर्शाचा चालण्याशी किती घट्ट संबंध आहे, हे पिएझो-२ या प्रथिनामुळे स्पष्ट झालं. दाब पडला की हे प्रथिन चेतापेशीचं दार उघडतं. पिएझो प्रथिनांच्या शोधासाठी आर्डेम पातापूटियन यांना २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. त्याआधी, २०१६ मध्ये, ज्यांच्यात जन्मतःच पिएझो-२ काम करत नाही अशा दोन रुग्णांची माहिती प्रसिद्ध झाली होती. डोळे उघडे असताना ती दोघं चालू शकत. डोळे बांधले की अडखळत, कोलमडत. अर्थात पिएझो-२ स्नायू आणि सांध्यांची खबरही मेंदूला देतं, त्यामुळे सगळा दोष कातडीच्या माथी मारता येत नाही. पण जमीन आणि मेंदू यांच्यात किती बोलणं चालू असतं, ते यातून दिसतं.

हे बोलणं बाळ कसं शिकतं? न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या गटाने १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचं मोकळ्या खेळातलं चालणं मोजलं. तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं! हा २०१२ चा अभ्यास मला फार आवडतो, कारण एवढी मेहनत कोणी मोठा माणूस करून घेऊ शकणार नाही, हे त्यात आकड्यांनी दिसतं. त्याआधी १९८७ मध्ये एलिनॉर गिब्सन आणि सहकाऱ्यांनी बाळांसमोर एकदा टणक पृष्ठभाग ठेवला आणि एकदा पाण्याने भरलेली हेलकावणारी गादी. रांगणारी बाळं दोन्हींवर बिनधास्त गेली. चालणारी मात्र गादीपाशी थांबली, हातापायांनी चाचपून बघितली आणि गेली ती बरीचशी रांगत. दारातल्या पायपुसण्यावर माझा भाचा हेच तर करत होता.

तिसरा प्रयोग जुना आहे, १९६३ चा. रिचर्ड हेल्ड आणि अ‍ॅलन हाइन यांनी मांजराच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या दांड्याला जोडल्या. एक पिल्लू स्वतः चाले. त्याच्या चालण्याने दुसरं पाळण्यात बसून फिरे. दोघांना दिसे तेच. पण चालणाऱ्या पिल्लाला नजरेच्या आधाराने पाऊल नीट टाकता येऊ लागलं, पाळण्यातल्याला नाही. प्रयोग नजरेचा होता आणि मांजरांवरचा, तरी मॅट घेताना मी तो विसरू शकत नाही. बाळाला काखेत धरून एकेका चौकोनावर टेकवत नेणं म्हणजे त्याला पाळण्यात बसवणंच.

सपाट तळव्यांच्या दाव्याबद्दल मला काळजी वाटते, कारण त्यावर आईबाप पैसे खर्च करतात आणि उगाच घाबरतात. लहान मुलांचा तळवा चरबीच्या गादीमुळे सपाट दिसतो आणि त्याची कमान पहिल्या दहाएक वर्षांत हळूहळू घडते. राव आणि जोसेफ या दोन भारतीय डॉक्टरांनी १९९२ मध्ये ४ ते १३ वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. पादत्राणं वापरणाऱ्यांत ८.६ टक्के मुलांचे तळवे सपाट होते, अनवाणी हिंडणाऱ्यांत २.८ टक्के. कारण आणि परिणाम यावरून सिद्ध होत नाहीत. तरी घरात बाळाला बूट घालू नका एवढं मी बहिणीला नक्की सांगितलं. दुखत असेल, पाय ताठ असेल, तर मात्र मॅटच्या भरवशावर न राहता अस्थितज्ज्ञांना दाखवावं.

महागडी साधनं न घेता मुलांना वेगवेगळे पोत हाताळू देण्याची वाट आपल्याकडे बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी दाखवून ठेवली आहे. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये लहान मुलांची शाळा सुरू केली. त्यांच्या पद्धतीत खरखरीत-गुळगुळीत पाट्या आणि सँडपेपरची अक्षरं असतात. ती महागडी साधनं खेड्यांत कुठून आणणार? ताराबाईंनी बोर्डीला १९४५ मध्ये काम सुरू केलं, पुढे कोसबाडला नेलं, आणि अनुताई वाघांबरोबर बिया, शंख, पानं अशा भोवतालच्या वस्तूच मुलांच्या हातात दिल्या.

विकतची मॅट घ्यायचीच असेल तर फोमला उग्र वास येतो का बघा. काही फोम-मॅटमधून फॉर्मामाइड हे रसायन बाहेर पडतं म्हणून बेल्जियमने २०१० मध्ये त्यांच्यावर बंदी घातली होती. भारतात खेळण्यांवर आयएसआय चिन्ह १ जानेवारी २०२१ पासून सक्तीचं आहे, ते शोधा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या चाचणी-नळकांड्यात मावेल असा सुटा तुकडा चालत नाही. तो घशात अडकू शकतो, म्हणून घरी करताना बटणं, मणी, चिंचोके अजिबात शिवू नका.

आम्ही शेवटी घरीच केली. जुन्या सतरंजीवर घोंगडीचा तुकडा, कॉरड्युरॉय, आईच्या साडीतलं रेशीम, धुऊन वाळवलेलं गोणपाट आणि एका टोकाला ते काथ्याचं पायपुसणं, दुहेरी टाके घालून. गोणपाटावर भाचा पहिले दोन दिवस आलाच नाही, कडेकडेने वळसा घालून गेला. आम्ही कोणी त्याला ओढलं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे जेवत असताना तो काथ्यावर दोन्ही पायांनी उभा होता, एकदा चवड्यांवर, एकदा टाचांवर, आणि खाली बघत होता. मग घोंगडीवर गेला, पालथा पडला आणि गाल घासत तिथेच झोपला.