सत्यशोधक विवाह

सत्यशोधक विवाह : जोतीराव फुले यांनी सुरू केलेली, भटजीशिवाय लागणारी लग्नाची पद्धत. ही व्याख्या सगळीकडे सापडते आणि ती चूक नाही, पण मला ती अर्धीच वाटते. भटजी नसणं ही बाहेरून दिसणारी गोष्ट झाली. आतली गोष्ट अशी की हार घालायच्या आधी नवरी नवऱ्याकडे सगळ्यांदेखत हक्काची शपथ मागते आणि तो ती घेतो. दोन माणसांमधला विश्वास इथे गृहीत धरलेला नाही, तो तोंडाने मागितलाय आणि तोंडाने दिलाय. बाकी लग्न म्हणजे लग्नच असतं, पाहुणे, जेवण, फोटो, त्यावर इथे वेगळं लिहायची गरज नाही.

सत्यशोधक समाजाची, म्हणजे फुल्यांनी काढलेल्या सुधारक संघटनेची, स्थापना पुण्यात 24 सप्टेंबर 1873 ला झाली आणि त्याच वर्षी या पद्धतीचं पहिलं लग्न लागलं. बहुतेक चरित्रकार 25 डिसेंबर 1873 ही तारीख देतात, नवरा सीताराम जबाजी आल्हाट, नवरी राधा. नवरीच्या घराण्याबद्दल मात्र लिखाणात घोळ आहे, बरेच जण तिला सावित्रीबाईंच्या मैत्रिणीची, म्हणजे निंबणकरांकडची मुलगी सांगतात, तर काही ठिकाणी ससाणे हे नाव येतं. माझा कल निंबणकरांकडे आहे, कारण राधा ससाणे ही वेगळी, ती पुढे 1889 मध्ये फुल्यांची सून झाली, आणि दोघींचं नाव एकच असल्याने नंतरच्या लोकांनी सरमिसळ केली असावी.

दुसरा प्रश्न मंगलाष्टकांचा. ती ज्या पुस्तिकेत छापली आहेत ती, म्हणजे ‘सत्यशोधक समाजोक्त मंगलाष्टकांसह सर्व पूजा-विधी’, 1887 ची आहे, आणि पहिलं लग्न तिच्या चौदाएक वर्षं आधीचं. तेव्हा 1873 च्या लग्नात नेमके हेच शब्द म्हटले गेले असं सरसकट लिहिलं जातं ते जरा जपून घ्यावं. विधीची कल्पना आधीची आणि छापील पाठ नंतर पक्का झाला, असं म्हणणं जास्त सुरक्षित.

त्या पाठात काय आहे ते नीट बघण्यासारखं आहे. नेहमीची मंगलाष्टकं तिसराच कोणीतरी म्हणतो, नवरा-नवरी अंतरपाटाच्या दोन बाजूंना गप्प उभे. इथे म्हणणारे तेच दोघं. कडवी आलटून पालटून येतात. नवरीच्या कडव्याचा आशय असा की आम्हा बायकांना स्वातंत्र्याचा अनुभव म्हणजे काय हेच ठाऊक नाही, तर स्त्रीला तिचा अधिकार देईन अशी शपथ तू घे. त्यावर नवरा म्हणतो की बायकांचे अधिकार मिळवून द्यायला मी सतत झटेन, त्यासाठी खर्चाला मागेपुढे बघणार नाही, आणि बाकी सगळ्या स्त्रिया मला बहिणीसारख्या. साक्षीला एकच कर्ता, ज्याला फुले इतर लिखाणात निर्मिक म्हणतात. निष्ठेचं वचन इथे नवऱ्याकडून घेतलंय हे मुद्दाम लक्षात घ्यावं. फुल्यांच्या मरणानंतर 1891 ला आलेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’मध्येही तोच धागा आहे, पुरुषाने दोन-तीन बायका केलेल्या चालतात तर बाईने दोन-तीन नवरे केलेले तुम्हाला चालतील का, असं ते सरळ विचारतात.

1887 या सालाचं वजन कळायला रखमाबाईंचा खटला शेजारी ठेवावा लागतो. लहानपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जायचं नाही म्हणून त्या कोर्टात उभ्या राहिल्या, आणि मार्च 1887 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने कैदेत जा (पुढे 1888 ला तडजोड झाली). म्हणजे ज्या वर्षी कोर्ट एका बाईला नको असलेल्या घरात पाठवत होतं त्याच वर्षी छापलेल्या छोट्याशा पुस्तिकेतली नवरी घरात पाऊल टाकायच्या आधीच अधिकाराचं बोलून घेत होती. मला तरी यापुढे भटजी-दक्षिणेचा वाद दुय्यम वाटतो.

यशवंत हा फुल्यांचा दत्तक मुलगा, त्याचं लग्न ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे यांची मुलगी राधा हिच्याशी 4 फेब्रुवारी 1889 ला याच पद्धतीने लागलं. चरित्रकार सांगतात की लग्नाआधी सावित्रीबाईंनी राधाला काही दिवस आपल्या घरी आणून ठेवलं होतं, दोघांची ओळख व्हावी, स्वभाव कळावा म्हणून. त्या काळात मुलीने होणाऱ्या नवऱ्याचं तोंडही धड पाहिलेलं नसायचं. यशवंत तेव्हा पंधराएक वर्षांचा, आजच्या हिशेबाने हा बालविवाहच, हे लपवू नये, पण ओळख आधी आणि लग्न नंतर हा क्रम घरच्या मोठ्या बाईने लावून दिला ही गोष्ट मोठी आहे.

दक्षिणेच्या वादाबद्दल थोडक्यात. जुन्नरजवळच्या ओतूरला बाळाजी कुसाजी पाटील यांनी घरची लग्नं जोशाशिवाय लावली, गावच्या जोशाने वतनाचा, म्हणजे पिढीजात हक्क सांगून दावा लावला आणि तो मुंबई हायकोर्टापर्यंत गेला. विधी न करताही दक्षिणा मागायचा हा वतनी हक्क मुंबई इलाख्यात 1926 च्या कायद्याने काढला. कोल्हापुरात 1911 ला सत्यशोधक समाज सुरू झाल्यावर शाहू महाराजांच्या पाठिंब्याने ही पद्धत दक्षिण महाराष्ट्रात पसरली, पण तिथे भर आपल्याच समाजातला पुरोहित तयार करण्यावर जास्त राहिला, नवरीच्या कडव्याबद्दल फारसं लिहिलेलं आढळत नाही.

आज ही लग्नं हॉलमध्ये लागतात, अक्षतांऐवजी बऱ्याचदा फुलांच्या पाकळ्या, स्टेजवर जोतीराव-सावित्रीबाईंचा फोटो. जुन्या कडव्यांसोबत जोडपी स्वतःची वचनं लिहून आणतात. मी पाहिलेल्या एका लग्नात नवरीने वहीचं पान काढून वाचलं, माझा पगार माझ्या खात्यात राहील, माहेरी जायला मी कळवेन, परवानगी विचारणार नाही, तुझा फोन मी तपासणार नाही आणि माझा तू तपासू नकोस. नवऱ्याचा आवाज पहिल्या ओळीलाच अडकला, मागून कोणीतरी नुसतं हो म्हण रे म्हणालं, तर नवरी म्हणाली थांबा काका, त्याला पूर्ण बोलू द्या. तो पूर्ण बोलला, सासूबाई पुढच्या रांगेत पदराने डोळे पुसत होत्या.

कायद्याच्या बाजूने थोडी काळजी घ्यावी लागते. हिंदू विवाह कायदा 1955 चं कलम 7 दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीतले विधी मागतं. मद्रास राज्याने (आजचं तामिळनाडू) 1967 ला कलम 7-अ घालून तिथल्या स्वाभिमान विवाहांना, म्हणजे भटजीशिवायच्या लग्नांना, स्पष्ट मान्यता दिली, महाराष्ट्रात तसं वेगळं कलम नाही. भाऊराव लोखंडे खटल्यात (1965) पहिली बायको असताना महाराष्ट्रातच केलेल्या एका दुसऱ्या लग्नाचे आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत म्हणून सुप्रीम कोर्टाने त्याला कायद्याच्या अर्थाने लग्न मानलं नाही, आणि अशा वेळी हाल बाईचेच होतात. म्हणून बरीच जोडपी विशेष विवाह कायदा 1954 खाली आधी नोंदणी करतात, 30 दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार, आणि अधिकाऱ्यासमोर दोघांनी एकमेकांचं नाव घेऊन, दोघांनाही समजेल अशा भाषेत, मी तुला कायदेशीर नवरा किंवा बायको म्हणून स्वीकारतो, स्वीकारते असं बोलायचं असतं.