पार्श्वभूमी : ‘ओर्योल’चं रखडलेलं उड्डाण

माणसांना अंतराळात नेणाऱ्या ‘सोयुझ’ यानाला वारस शोधायची रशियाची खटपट जुनी. २००४ मध्ये सहा आसनी ‘क्लिपर’ यानाची प्रतिकृती दाखवली गेली, २००६ मध्ये तिची निविदाच गुंडाळली गेली. युरोपबरोबरच्या संयुक्त यानाची बोलणीही विरली. २००९ मध्ये सध्याच्या यानाचं, म्हणजे ‘ओर्योल’चं, काम सोपवलं गेलं: चार अंतराळवीर, पृथ्वीच्या कक्षेपासून चंद्रापर्यंत मजल, आणि परतणारी कुपी दहा वेळा वापरायची. मागचा इंजिनांचा भाग मात्र दर खेपेला जाणारच. कुपी इंजिनांच्या जोरावर उतरवायचा बेत होता. नंतर आराखड्यात पॅराशूट परत आली आणि इंजिनं जमिनीला टेकतानाचा धक्का सौम्य करण्यापुरती उरली. २०१६ मध्ये ‘फेदेरात्सिया’ असं बारसं झालं, २०१९ मध्ये ‘ओर्योल’.

घोळ झाला तो उडायचं कुठून, यात. रशिया वापरतो तो बैकानूर तळ कझाकस्तानात, वर्षाचं भाडं ११.५ कोटी डॉलर. म्हणून रशियातल्याच अमूर प्रांतात वोस्तोच्नी तळ उभारायचा आणि नवं यान तिथूनच पाठवायचं, असं ठरलं. त्यासाठीचं ‘रुस-एम’ रॉकेट २०११ मध्ये रद्द झालं. मग ‘अंगारा’ रॉकेट. २०१७ मध्ये पुन्हा बैकानूर आणि ‘सोयुझ-५’ हे रॉकेट. त्यानंतर परत वोस्तोच्नी आणि ‘अंगारा’. यानाचं वजन, त्याला सोसावी लागणारी कंपनं, बिघाडात कुपी रॉकेटपासून दूर नेणारी सुटका यंत्रणा हे सगळं रॉकेट पाहून बेततात, त्यामुळे दर निर्णयाबरोबर हिशेब नव्याने मांडावा लागला.

बैकानूरवरचा आक्षेप पैशाचा आणि परावलंबनाचा, तो रास्तच. पण तिथून निघालेलं रॉकेट बराच वेळ समुद्रावरून नव्हे, जमिनीवरून उडतं. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी ‘सोयुझ’चं रॉकेट वाटेतच निकामी झालं, तेव्हा दोघे अंतराळवीर कझाक माळावर सुखरूप उतरले. वोस्तोच्नीहून पूर्वेला निघालेलं रॉकेट तैगाची जंगलं ओलांडून ओखोत्स्क समुद्रावर आणि पुढे पॅसिफिकवर पोचतं. तिथे बिघाड झाला तर थंड पाण्यातली कुपी गाठायला जहाजं तयार ठेवावी लागतील. स्वदेशी तळाच्या कौतुकात हा खर्च क्वचितच मोजला जातो.

चंद्राची बाजू त्याहून लंगडी: त्यासाठीच्या महाकाय रॉकेटचं काम २०२१ मध्ये थांबवलं गेलं. वोस्तोच्नीहून ‘अंगारा-ए५’ पहिल्यांदा उडालं ते ११ एप्रिल २०२४ रोजी, माणसांविना. २७ नोव्हेंबर २०२५ रोजी बैकानूरला ‘सोयुझ’ सुटलं आणि मागे तळाचा सेवामंच (रॉकेटची तयारी करायचा मंच) ज्वालाखंदकात, म्हणजे इंजिनाच्या ज्वाळा वाहून नेणाऱ्या खंदकात, कोसळला. माणसं पाठवायला रशियाकडे दुसरा तळ तयार नव्हता. ‘ओर्योल’चं पहिलं उड्डाण मुळात २०१५ मध्ये व्हायचं होतं.