ट्रान्सनिस्ट्रिया: सोव्हिएतमध्ये राहायचं म्हणून फुटलेला देश

सोव्हिएत युनियन कोसळलं आणि त्यातून ट्रान्सनिस्ट्रिया (मोल्दोव्हा आणि युक्रेनच्या मधली चिंचोळी पट्टी) निघाला असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण तारखा बघा ना. तिरास्पोलमध्ये, म्हणजे यांच्या राजधानीत, वेगळं व्हायची घोषणा झाली २ सप्टेंबर १९९० ला, तेव्हा युनियन उभं होतं. मोल्दोव्हा तेव्हा सोव्हिएतचंच एक प्रजासत्ताक, पण त्यातून दूर चाललेलं, आणि यांना त्याच्यापासून सुटायचं होतं ते सोव्हिएतमध्येच राहायला. ज्या घरासाठी भांडले ते घरच वर्षभराने पडलं, आणि हे तसेच अंगणात उभे.

खरी गोम १९२४ ची आहे. तेव्हा बेसारेबिया, म्हणजे आजच्या मोल्दोव्हाचा बहुतेक भाग, रोमानियाकडे होता आणि मॉस्कोला तो हवा होता, म्हणून डनिएस्टर नदीच्या पूर्वेला, युक्रेनच्याच हद्दीत, एक छोटं 'मोल्दाव्हियन' स्वायत्त प्रजासत्ताक काढलं, जिथे मोल्दोव्हन लोक धड निम्मेसुद्धा नव्हते. १९४० मध्ये बेसारेबिया घेतला आणि या पट्टीचा तुकडा त्याला जोडून टाकला. आता पश्चिमेला शेती, द्राक्षमळे, बावीस वर्षं रोमानियात काढलेली माणसं, आणि पूर्वेला पुढे रिब्नित्साचा स्टीलचा कारखाना, कुचुर्गनचं वीजकेंद्र, कामाला रशियन-युक्रेनियन कामगार. हा जोड टिकणार कसा?

ठिणगी पडली लिपीवरून. ऑगस्ट १९८९ च्या कायद्याने मोल्दोव्हन ही राजभाषा झाली आणि रशियन लिपी जाऊन रोमन आली. पूर्वेकडच्या कारखान्यांत संप सुरू झाले. पुढारी कोण, तर इगोर स्मिर्नोव्ह, १९८७ मध्येच तिथे आलेला कारखान्याचा डायरेक्टर, जो पुढे वीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिला! ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत गोर्बाचेव्हविरुद्ध झालेल्या फसलेल्या बंडानंतर मोल्दोव्हाच्या माणसांनी त्याला कीव्हमध्ये पकडलं, तर बायका जाऊन रेल्वेच्या रुळांवर बसल्या, गाड्या अडवल्या आणि त्याला सोडवूनच उठल्या.

१९९२ मध्ये मोल्दोव्हा आणि ट्रान्सनिस्ट्रियाची लढाई झाली, सगळ्यात वाईट बेंडेर शहरात, शेकडो माणसं गेली. सोव्हिएतचं १४ वं सैन्य तिथेच होतं, आता रशियाचं झालेलं, ते जनरल लेबेदच्या हाताखाली मध्ये पडलं आणि २१ जुलैला मॉस्कोत युद्धबंदीवर सह्या झाल्या. रशियन सैनिक आजही आहेत, कोबास्नाचं दारूगोळ्याचं कोठारही आहे.

झेंड्यावर विळा-हातोडा, स्वतःचा रुबल, प्लॅस्टिकची नाणीसुद्धा, पण संयुक्त राष्ट्रांचा एकही सदस्य देश यांना मानत नाही. फुटबॉल मात्र मोल्दोव्हाच्या लीगमध्ये खेळतात, आणि २०२१ मध्ये शेरीफ तिरास्पोलने रियाल माद्रिदला त्यांच्याच घरी २-१ ने हरवलं.

हे सगळं चाललं कशावर? माझ्या मते देशप्रेमापेक्षा गॅसवर जास्त. रशियाचा गॅस यायचा, पैसे कोणी देत नव्हतं, त्यावर वीज बनवून मोल्दोव्हालाच विकायची, आणि थकबाकी चढत जायची. १ जानेवारी २०२५ ला युक्रेनमधून येणारा गॅस थांबला, तसं ऐन थंडीत घरांचं हीटिंग गेलं, कारखाने बंद पडले आणि वीजकेंद्र कोळशावर चालवायची वेळ आली.